पहाटे चारची गाडी आणि पावतीवर कालची तारीख

बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की तासगाव-सांगली रस्त्यावरच्या कोल्ड स्टोरेजांच्या दारात अंधारातच टेम्पो येऊन लागतात. शेडवरचा माल रात्री भरायचा, ऊन चढायच्या आत उतरवून घ्यायचा, म्हणजे बेदाण्याचा रंग टिकतो. अशाच एका स्टोरेजसाठी मी पावत्यांचा आणि भाड्याचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. एका एप्रिलच्या दुपारी तिथून फोन आला, लगेच या म्हणाले.

काउंटरसमोर एक शेतकरी पावती हातात धरून उभे होते. "ताई, गाडी अकरा मार्चच्या पहाटं चारला लागली. बॉक्स मी सोता मोजून दिल्यात. मग पावतीवर धा तारीख कुनी घातली?"

एका दिवसासाठी एवढं काय, असं वाटेल. पण तिथल्या भाड्याचा हिशेब पंधरवड्याचा होता. ११ मार्चला ठेवलेला माल त्यांनी १० एप्रिलला उचलला, म्हणजे ३० दिवस, दोन पंधरवडे पुरे. पावतीवर १० मार्च असल्यामुळे प्रोग्रॅमने ३१ दिवस मोजले आणि तिसरा अख्खा पंधरवडा बिलात घातला. तारीख कुणी मुद्दाम घातली नव्हती. ती माझ्या प्रोग्रॅमने घातली होती, आणि चूक माझी होती. त्या दिवशी आम्ही मागच्या सगळ्या पावत्या काढून बसलो. पहाटे साडेपाचच्या आत उतरलेल्या प्रत्येक गाडीवर आदल्या दिवसाची तारीख होती. साडेपाचनंतरची प्रत्येक पावती बरोबर होती.

साडेपाचच का, आणि दोन तारखांची वजाबाकी करताना भलेभले प्रोग्रॅमर इथेच का अडखळतात, हे या लेखात सांगायचं आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. भाडं, व्याज, वय, नोटिशीची मुदत, औषधाचा कोर्स असे दिवसांचे हिशेब आता सगळीकडे मशीनच करतं, आणि ते चुकलं तर खिशाला चाट आपल्याच बसते.

क्षण एक, तारखा दोन

२१ जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला तेव्हा भारतात सकाळचे आठ वाजून २६ मिनिटं झाली होती. त्याच क्षणी अमेरिकेत ह्यूस्टनला आदल्या दिवसाची, २० जुलैची, रात्र होती. म्हणून अमेरिकन पुस्तकांत २० जुलै सापडते. पाय एकदाच टेकला, तारखा मात्र दोन पडल्या, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

यातून पहिली गोष्ट पक्की करून घेऊ. क्षण सगळ्या जगाचा एकच असतो. तारीख मात्र नेहमी कुठल्यातरी गावाची असते. "अकरा मार्च" एवढंच म्हटलं तर गोष्ट अर्धीच सांगितली. कुठली अकरा मार्च, हे आपण बोलताना गृहीत धरतो, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघंही सांगलीतच असतात. मशीनला असं गृहीत धरता येत नाही. त्याला सांगावं लागतं, नाहीतर ते आपल्या मनाने ठरवतं.

आता तीन शब्द एकदाच समजून घेऊ. यूटीसी म्हणजे सगळ्या जगाने हिशेबासाठी मानलेली सामाईक वेळ. ऑफसेट म्हणजे एखाद्या जागेचं घड्याळ यूटीसीच्या किती पुढे किंवा मागे आहे तो फरक. आपला ऑफसेट पाच तास ३० मिनिटं पुढे. आणि टाइम झोन म्हणजे त्या जागेच्या घड्याळाची नियमांची वही: कुठल्या काळात कुठला ऑफसेट लागू होता, आज कुठला आहे, बदलतो तर कधी बदलतो. ऑफसेट हा वहीतला एक आकडा, आणि झोन ही अख्खी वही. या दोहोंची गल्लत पुढे महागात पडते, ते येईलच.

पंचांगवाल्यांना हे आधीपासून ठाऊक आहे

बाळ बुधवारी पहाटे चारला जन्मलं तर दवाखान्याच्या दाखल्यावर बुधवार येतो, आणि पत्रिकेत गुरुजी मंगळवार लिहितात. घरात कुणी वाद घालत नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि दवाखान्याचा मध्यरात्री, हे आजीलाही माहीत असतं.

माझ्या प्रोग्रॅमचं नेमकं हेच झालं होतं. यूटीसीमध्ये मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. म्हणजे यूटीसीवर चालणाऱ्या मशीनचा दिवस आपल्या दृष्टीने उजाडताना सुरू होतो, जवळजवळ पंचांगासारखा. ११ मार्चच्या पहाटे चारला यूटीसीत १० मार्चचे रात्रीचे साडेदहाच वाजले होते. मशीनने आपल्या दिवसाप्रमाणे १० तारीख छापली. ते खोटं बोललं नव्हतं. तारीख कुणाची विचारतो आहोत, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

मला ही तुलना फार उपयोगी वाटते. पुण्यात किंवा बंगलोरला नोकरी करणाऱ्या, अनुभवी म्हणवणाऱ्या मुलांनाही हा घोटाळा शब्दांनी समजावताना दमछाक होते. पत्रिकेचं उदाहरण दिलं की एका वाक्यात लख्ख होतं.

"पण भारतात तर एकच वेळ आहे. आम्हाला काय त्याचं?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ आहे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. सांगली त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे आपला सूर्य सरासरी ३२ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, पण घड्याळ सगळ्यांचं एकच. गिऱ्हाईक सांगलीचं, माल तासगावचा, मग दुसरा झोन आला कुठून?

तो आला सर्व्हरमधून. प्रोग्रॅम काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर दिसतो, पण डेटा ठेवणारं मशीन भाड्याने घेतलेलं असतं, आणि अशी मशीनं सहसा यूटीसीवरच लावलेली येतात. मशीन मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असलं तरीही. त्यात वाईट काही नाही, उलट ती चांगली सवय आहे. पण "आजची तारीख दे" असं त्या मशीनला मोघम विचारलं की ते स्वतःची देतं.

चूक महिनाभर लपून राहिली, तेही याच्यामुळेच. पहाटे साडेपाच ते मध्यरात्र, असे चोवीसपैकी साडेअठरा तास भारताची आणि यूटीसीची तारीख एकच असते. मी चाचण्या घेतल्या त्या विश्रामबागेतल्या घरी, दिवसा, जेवणाच्या आधी आणि नंतर. पहाटे चारला उठून कुणी चाचणी घेत नाही. माल मात्र पहाटेच येतो.

याच घराण्यातली आणखी एक खूण सांगून ठेवते. एखाद्या पावतीवर "०१-०१-१९७०, ०५:३०" दिसलं तर ती तारीख नव्हे, रिकामा रकाना आहे. बहुतेक मशीनं १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. शून्य सेकंद म्हणजे तो क्षण, आणि आपल्या घड्याळात तो पहाटे साडेपाचचा. अशा शून्यापासून दिवस मोजले की वीस हजारांच्या वर आकडा येतो. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. एका दिवसाची चूक भरत नाही.

स्टँडजवळच्या लॉजचे दोन हिशेब

आता वजाबाकीकडे येऊ. एसटी स्टँडजवळच्या लॉजवर दोन तऱ्हेच्या पाट्या असतात. एकीवर "२४ तास चेक-आउट", दुसरीवर "चेक-आउट दुपारी १२". रविवारी रात्री दहाला खोली घेतली आणि सोमवारी दुपारी एकला सोडली, तर पहिल्या लॉजवर एक दिवस, दुसऱ्यावर दोन. राहिलात तेवढेच पंधरा तास. हिशेब दोन, आणि पाटी आधीच लावलेली असल्यामुळे दोन्ही प्रामाणिक.

प्रोग्रॅममध्ये "या दोन वेळांमध्ये किती दिवस?" असं विचारताना हेच दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. एक प्रश्न असतो: मध्ये किती वेळ गेला? याचं उत्तर तासा-मिनिटांत येतं, आणि त्यासाठी दोन क्षण लागतात. दुसरा प्रश्न: भिंतीवरच्या कॅलेंडरची किती पानं फाडली गेली? याचं उत्तर पानांत येतं, आणि त्यासाठी कॅलेंडर कुठल्या भिंतीवर टांगलं आहे ते ठाऊक असावं लागतं.

सलाइन किती तास चाललं, मशीन किती वेळ बंद होतं, कंटेनरचं तापमान किती वेळ चढलेलं होतं, हे पहिल्या जातीचे प्रश्न. त्यांत दोन्ही वेळा यूटीसीत आणायच्या आणि वजा करायच्या. कुठल्याही झोनचा तिथे संबंध येत नाही. भाडं, व्याज, वय, रजा, मुदत हे दुसऱ्या जातीचे. त्यांत आधी दोन्ही क्षणांचं रूपांतर ठरलेल्या गावाच्या तारखांत करायचं, वेळ बाजूला ठेवायची आणि मग नुसत्या तारखा वजा करायच्या. हा क्रम उलटला की हिशेब बिघडतो.

माझ्या पाहण्यात दहापैकी आठ चुका एकच असतात: प्रश्न दुसऱ्या जातीचा, उत्तर पहिल्या रीतीने काढलेलं. दोन क्षण वजा केले, सेकंद आले, ८६,४०० ने, म्हणजे चोवीस तासांच्या सेकंदांनी, भागले, अपूर्णांक कापून टाकला. सोमवारी संध्याकाळी सातला ठेवलेली आणि मंगळवारी सकाळी नऊला उचललेली वस्तू मग "शून्य दिवस" राहते, कारण मध्ये चौदाच तास गेले. पान मात्र एक फाटलेलं असतं.

"दिवस म्हणजे चोवीस तास, एवढं तरी खरं ना?"

सांगलीत खरं. द्राक्षं जिथे जातात तिथे नाही.

आपल्या जिल्ह्यातली निर्यातीची द्राक्षं न्हावा शेवाहून बोटीने नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला जातात, आणि ऐन हंगामात, मार्चच्या शेवटच्या रविवारी, युरोपातली घड्याळं एक तास पुढे सरकवतात. उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून ही रीत. २०२६ मध्ये तो रविवार २९ मार्चला आला. त्या रात्री दोन वाजले की घड्याळ एकदम तीन दाखवतं. दोन ते तीन हा तास तिथे होतच नाही. तो दिवस २३ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलट होतं आणि दिवस २५ तासांचा भरतो. आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात साडेतीन.

हिशेब करून बघा. रॉटरडॅमच्या शीतगृहात माल २५ मार्चला गेला, १ एप्रिलला निघाला. बोटांवर मोजा, सात दिवस. मशीनने दोन्ही मध्यरात्री घेऊन वजा केल्या तर १६७ तास येतात, १६८ नाही. चोवीसने भागलं तर सातला थोडं कमी, आणि अपूर्णांक कापला की सहा. वर्षभर हा प्रोग्रॅम बरोबर चालतो. फक्त त्या एका रविवारवरून हिशेब गेला की एक दिवस गिळतो. हंगाम संपल्यावर कुणी शोधायला बसलं तर त्याला काही सापडत नाही.

यावर लगेच सुचणारी मलमपट्टी म्हणजे कापण्याऐवजी जवळचा पूर्णांक घ्यायचा. ६.९६ चे सात होतात, काम भागतं. पण ते दोन्ही टोकं मध्यरात्रीची असतील तरच. एक टोक सकाळचं आणि दुसरं संध्याकाळचं आलं की साडेसात दिवसांच्या आसपासचा आकडा कधी सात होतो कधी आठ. मी ही युक्ती वापरणं सोडलं आहे. तारखांचा प्रश्न असेल तर तासांत शिरायचंच नाही.

घड्याळ सरकवण्याच्या पलीकडचंही घडतं. प्रशांत महासागरातल्या सामोआने २०११ मध्ये तारीखरेषेची बाजू बदलली, आणि तिथे ३० डिसेंबर २०११ हा दिवस उगवलाच नाही. २९ च्या रात्रीनंतर थेट ३१. आपल्याकडे तिथीचा क्षय होतो, तिथे अख्ख्या तारखेचा झाला. २९ ते ३१ दोन दिवस म्हणायचे की एक, हे तिथल्या भाडेकराराच्या शब्दांवरच ठरणार.

लीप सेकंदांची, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला अधूनमधून वाढवलेल्या एकेका सेकंदाची, भीती मात्र मनातून काढून टाका. १९७२ पासून असे २७ सेकंद वाढवले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. सेकंद मोजण्याची मशीनची नेहमीची पद्धत ते धरतच नाही. भाड्याच्या आणि वयाच्या हिशेबात ते येत नाहीत.

"मग यूटीसीत साडेपाच तास मिळवले की झालं"

पहिली दुरुस्ती म्हणून हेच सुचतं, मलाही हेच सुचलं होतं. सांगलीच्या आजच्या वेळेपुरतं ते चालतंही. तरी मी ते करू देत नाही, त्याला कारणं आहेत.

एक तर कोण कुठे मिळवतं याचा ताळमेळ राहत नाही. एकाने डेटाबेसमधून काढताना साडेपाच मिळवले, दुसऱ्याने पडद्यावर दाखवताना परत मिळवले. आता संध्याकाळी सातची पावती रात्री साडेबारा दाखवते आणि तारीख पुढच्या दिवसावर उडी मारते. आधी पहाटेच्या पावत्या चुकत होत्या, आता संध्याकाळच्या. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की कोडमध्ये कुठेही १९,८०० हा आकडा दिसला, म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद, की मी तिथे थांबते.

दुसरं असं की साडेपाच हा आकडा भारतालासुद्धा कायमचा लागू नव्हता. प्रमाणवेळ १९०६ ला आली तरी मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. दुसऱ्या महायुद्धात काही काळ देशाचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं. जुन्या नोंदींवर काम करणाऱ्याला हे प्रत्यक्ष भेटतं. नेपाळचा ऑफसेट पावणेसहा तासांचा आहे, म्हणजे पूर्ण तास किंवा अर्धा तास एवढंच गृहीत धरणंही चूक.

म्हणून आकडा लिहायचा नाही, वहीचं नाव सांगायचं. जगातल्या सगळ्या झोनच्या नियमांचा एक सामाईक संग्रह आहे, अनेक वर्षं स्वयंसेवकांनी जपलेला, २०११ पासून आयाना या, इंटरनेटवरची नावं आणि आकडे सांभाळणाऱ्या, संस्थेच्या छत्राखाली. तुमच्या मोबाइलपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत बहुतेक सगळे तोच वापरतात. त्यात आपल्या वहीचं नाव "एशिया/कोलकाता" आहे. मुंबई किंवा दिल्ली शोधून नवखे थकतात. कोलकाता घ्या, तीच आपली.

ही वही वापरतानाही एक खाचखळगा आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी पायट्झ नावाची जुनी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, आहे; तिच्यात झोन चुकीच्या रीतीने चिकटवला की साडेपाचऐवजी पाच तास ५३ मिनिटं ऑफसेट लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मशीन वेडं झालं. ती ५३ मिनिटं म्हणजे प्रमाणवेळ येण्याआधीची कोलकात्याची स्वतःची सूर्यावरची वेळ, वहीतली सगळ्यात पहिली ओळ. झोन नीट लावला नाही म्हणून लायब्ररीने पहिलंच पान उघडलं. दीडशेहून अधिक वर्षांमागची कोलकात्याची दुपार अशी सांगलीच्या पडद्यावर येते, आणि २३ मिनिटांचा फरक कुठून आला ते शोधण्यात माणसाचे दोन दिवस जातात.

"सगळं यूटीसीत साठवा" हा सल्ला कुठे अडतो

घडून गेलेल्या गोष्टींसाठी हा सल्ला उत्तम. गाडी कधी लागली, पैसे कधी जमा झाले, हे क्षण आहेत. यूटीसीत ठेवावेत आणि दाखवताना, मोजताना गावाच्या वेळेत आणावेत.

पण जन्मतारीख हा क्षण नाही. चेकवरची तारीख हा क्षण नाही. सातबाऱ्यावरच्या नोंदीची तारीख हा क्षण नाही. या नुसत्या तारखा आहेत, त्यांना वेळच नाही. त्यांना बळेच यूटीसीत घातलं की काय होतं ते बघा. फॉर्मवर कुणी जन्मतारीख १० मार्च निवडली. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने, म्हणजे वेबपानामागच्या प्रोग्रॅमने, तिचा क्षण बनवला: १० मार्च, मध्यरात्रीचे बारा, भारतीय वेळ. तो यूटीसीत नेला: ९ मार्च, संध्याकाळचे साडेसहा. सर्व्हरने त्यातला तारखेचा भाग तेवढा कापून घेतला. ९ मार्च. इथे पहाट-दुपार असा भेदही नाही, भरलेला प्रत्येक फॉर्म एक दिवस मागे जातो. मी असा एक फॉर्म पाहिला आहे, जिथे फोन नंबर बदलायला माहिती उघडून परत सेव्ह केली की जन्मतारीख दर वेळी आणखी एक दिवस मागे सरकायची. मुलाचं वय शाळाप्रवेशाच्या मर्यादेवर असेल तर आई-बापाला केवढा मनस्ताप, विचार करा.

उपाय साधा आहे. नुसत्या तारखेसाठी प्रत्येक चांगल्या भाषेत आणि डेटाबेसमध्ये वेगळा प्रकार असतो, ज्याला वेळही नसते आणि झोनही नसतो. जावामध्ये २०१४ पासून लोकलडेट आहे, पायथॉनमध्ये डेट आहे. जन्मतारीख तिथे ठेवायची आणि यूटीसीचं नावही काढायचं नाही.

पुढच्या काळातल्या ठरलेल्या वेळा हाही असाच अडणारा भाग. सांगलीत बसून न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाचं काम करणारी बरीच मुलं आता आहेत. तिथल्या सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते, उन्हाळ्यात साडेसहाला. "दर सोमवारी न्यूयॉर्कचे नऊ" असंच साठवलं तर दोन्हीकडे बरोबर राहतं. आजच यूटीसीत नेऊन ठेवलं तर घड्याळ सरकलं की तासाने चुकतं. शिवाय सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात घड्याळ सरकवणं बंद केलं. इजिप्तने २०२३ मध्ये सोडलेली पद्धत परत आणली. पुढच्या वर्षीचा ऑफसेट आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून गावाची वेळ आणि गावाचं नाव ठेवायचं, क्षण काढायचा तो वेळ जवळ आल्यावर.

"तयार लायब्ररी आहेत की, मग एवढं डोकं का?"

लायब्ररी वापराच. स्वतः लीप वर्षं आणि महिन्याचे दिवस मोजत बसणं म्हणजे विहीर असताना पाऊस साठवत बसणं. पण तुम्हाला कुठला प्रश्न विचारायचा आहे ते लायब्ररीला कळत नाही. पायथॉनमध्ये एकाच झोनच्या दोन वेळा वजा केल्या तर तो भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वजा करतो. २८ मार्च २०२६ दुपारी बारा ते २९ मार्च दुपारी बारा, रॉटरडॅमच्या वेळेत: उत्तर २४ तास. प्रत्यक्षात गेले २३. गोळीचा पुढचा डोस किती तासांनी, हे मोजायचं असेल तर हे उत्तर चूक. कॅलेंडरचा एक दिवस हवा असेल तर बरोबर. आधी दोन्ही यूटीसीत नेऊन वजा केलं की २३ येतात. दोन्ही रीती लायब्ररीत आहेत. निवड आपली.

पहिला दिवस धरायचा का?

झोनचा घोळ मिटला तरी एका दिवसाचा एक वाद उरतोच, आणि तो मशीनचा नाही, माणसांचा आहे. बाळ १ तारखेला झालं तर बारसं १२ तारखेला, कारण आपण जन्माचा दिवस पहिला धरतो. मशीन १२ तून १ वजा करून ११ म्हणेल. कायद्यातही दोन्ही रीती आहेत. १८९७ च्या सामान्य परिभाषा कायद्यात एखाद्या दिवस"पासून" मुदत मोजायची तर तो पहिला दिवस वगळतात. १८७५ च्या सज्ञानता कायद्यात मात्र जन्माचा दिवस पूर्ण धरतात, आणि अठरावा वाढदिवस उजाडतानाच माणूस सज्ञान होतो. लॉजवरची पाटीच पुन्हा. ती लिहून घेतल्याशिवाय मी आता कुठल्याही हिशेबाला हात लावत नाही.

तर त्या कोल्ड स्टोरेजचं काय झालं. सगळ्या वेळा यूटीसीतच राहू दिल्या, त्या खऱ्याच होत्या. भाडं मोजताना मात्र दोन्ही क्षण आधी एशिया/कोलकाताच्या तारखांत आणले आणि मग तारखा वजा केल्या. मध्यरात्रीच्या पाच मिनिटं आधी आणि नंतर, पहाटे साडेपाचच्या आधी आणि नंतर, महिन्याच्या शेवटच्या रात्री, २९ फेब्रुवारीला अशा खोट्या गाड्या घालून तपासलं. माझ्या लॅपटॉपचं घड्याळ न्यूयॉर्कला नेऊन पुन्हा तपासलं. ज्यांच्याकडून जास्त भाडं घेतलं होतं त्यांची यादी काढून दिली, आणि मालकांनी ते पैसे परत केले.

मग सुरुवातीलाच विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुमच्याकडे दिवस कधी बदलतो? रात्री बाराला?"

मालक वजनकाट्याकडे बघत थोडा वेळ गप्प राहिले. "नाही ओ मॅडम. काटा सकाळी आठला सुरू होतो. रात्री दोनला आलेली गाडी आन् पहाटं चारला आलेली गाडी आमच्या लेखी त्या सकाळचीच. पन रात्री अकराला आलेली पन आम्ही सकाळचीच धरतो. हातानं पावती फाडायचो तवा तसंच लिहायचो."

म्हणजे रात्री अकराच्या गाडीला मी मध्यरात्रीच्या हिशेबाने दुरुस्तीनंतरही एक दिवस जास्तच लावत होते. तो नियम आता प्रोग्रॅममध्ये आहे: काटा बंद झाल्यावर आलेली गाडी पुढच्या सकाळच्या तारखेची. पावतीवर दोन ओळी छापल्या जातात, "गाडी लागली" आणि "भाडं सुरू", आणि दुसऱ्या ओळीतली तारीख शेतकऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय काउंटरवरचा मुलगा सही घेत नाही.